पॉम्पेईच्या भिंतींवरच्या ग्रीक कथा आणि त्यांच्या प्रतिकृती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चित्रकलेचे विद्यार्थी, घराचं काम काढलेली मंडळी, इटली पाहून आलेले प्रवासी आणि चुन्याच्या कामात हात घातलेले वास्तुरचनाकार यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला ओळखीचे प्रश्न आहेत, पुढे करणाऱ्यांचे, आणि शेवटी अडचणीचे. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागू नये म्हणून जागोजागी प्रश्नांचे क्रमांक दिले आहेत.

१. रोमन भित्तिचित्रं म्हटलं की सगळे पॉम्पेईच दाखवतात. बाकीच्या साम्राज्यात चित्रं नव्हती का?

होती, पण टिकली नाहीत. भिंत पडली की चित्र जातं. इ.स. ७९ मध्ये नेपल्सजवळच्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि पॉम्पेई, हर्क्युलेनियम, स्टाबिया ही गावं व आसपासचे बंगले राखेखाली आणि दगडगोट्यांखाली गाडले गेले, म्हणून तिथल्या भिंती आपल्यापर्यंत पोचल्या. हर्क्युलेनियमचं उत्खनन १७३८ मध्ये सुरू झालं, पॉम्पेईचं १७४८ मध्ये. बॉस्कोरेआले आणि बॉस्कोत्रेकासे इथले बंगलेही याच पट्ट्यातले. खुद्द रोममध्येही थोडी चित्रं आहेत: एस्क्विलाइन टेकडीवर १८४८ मध्ये सापडलेली ओडिसियसच्या प्रवासाची निसर्गचित्रं आता व्हॅटिकनमध्ये आहेत, आणि पॅलाटाइनवरच्या लिव्हियाच्या घरात आयो आणि तिच्यावर पहारा ठेवणारा आर्गस दिसतो.

२. घरमालक रोमन, मग भिंतीवर कथा ग्रीक का?

शिकलेल्या रोमन माणसाला ग्रीक महाकवी होमर शाळेपासून माहीत असायचा. शिवाय नेपल्सचा हा किनारा मुळात ग्रीक वसाहतींचा. नेपल्स हे शहरच ग्रीकांनी वसवलेलं. जेवणाच्या दालनात पाहुणे आडवे होऊन तासन्‌तास गप्पा मारत, आणि भिंतीवरचं चित्र ओळखणं, त्यावरून बोलणं हा त्या मैफिलीचा भाग असे. व्हेट्टींच्या घराचे मालक दास्यातून मुक्त होऊन श्रीमंत झालेले दोघे जण होते. त्यांच्या भिंतींवर ग्रीक कथांची दाटी आहे. आपणही या वर्तुळात बसतो, हे त्यांना येणाऱ्या प्रत्येकाला दाखवायचं होतं असं मला वाटतं.

३. ही रोमन चित्रंच ग्रीक चित्रांच्या नकला आहेत असं वाचलं. मग मी नकलेची नक्कल करतोय का?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच आहे, आणि त्याचं उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देता येत नाही.

ग्रीक चित्रकारांनी लाकडी फळ्यांवर रंगवलेली नामांकित चित्रं जवळजवळ सगळी नष्ट झाली. त्यांची माहिती मुख्यतः रोमन लेखक थोरल्या प्लिनीच्या लिखाणातून मिळते (हाच प्लिनी व्हेसुव्हियसच्या उद्रेकात स्टाबियाच्या किनाऱ्यावर मरण पावला). तो सांगतो की ग्रीक चित्रकार टिमँथीझने राजा अगामेम्नॉनची मुलगी इफिजेनिया हिच्या बळीचं चित्र काढताना इतरांच्या चेहऱ्यांवर दुःखाच्या सगळ्या छटा वापरून टाकल्या, आणि बापाच्या दुःखासाठी काही उरलं नाही म्हणून अगामेम्नॉनचा चेहरा झाकून टाकला. पॉम्पेईतल्या शोककवीच्या घरात सापडलेल्या चित्रात अगामेम्नॉन अगदी तसाच, डोक्यावरून वस्त्र ओढून, पाठ फिरवून डावीकडे उभा आहे. पण बाकीची मांडणी टिमँथीझचीच आहे असं मानायला आधार नाही.

नवऱ्यावर सूड म्हणून स्वतःच्या मुलांना मारणाऱ्या मेडियाचं उदाहरण आणखी बोलकं आहे. बायझँटियमच्या टिमोमाकसने रंगवलेली मेडिया आणि अजॅक्स ही दोन चित्रं ज्युलियस सीझरने ८० टॅलंट देऊन घेतली आणि व्हीनसच्या देवळात लावली. पॉम्पेईच्या डायोस्कुरींच्या घरातली मेडिया तलवारीच्या मुठीवर हात ठेवून उभी आहे, मुलं शेजारीच गोट्यांसारख्या हाडांनी खेळतायत आणि म्हातारा शिक्षक मागून बघतोय. हर्क्युलेनियमची मेडिया एकटीच आहे. तिने दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घट्ट गुंतवली आहेत आणि तलवार त्यांच्यामध्ये आहे. दोन्ही चित्रं टिमोमाकसकडे बोट दाखवतात, तरी एकमेकांसारखी नाहीत. रोमन रंगाऱ्याकडे नमुने होते, आठवण होती, आणि भिंतीच्या मापाप्रमाणे पात्रं वाढवायची-घटवायची मोकळीकही होती. कीर्तनकार पूर्वरंग-उत्तररंगाच्या चौकटीत तेच आख्यान प्रसंगानुरूप फुलवतो, तसंच हे.

म्हणून प्रत करताना हरवलेल्या ग्रीक मुळाचा पाठलाग करू नका. समोरची भिंत हेच मूळ. तिच्यावरच्या रंगाऱ्याने जे ठरवलं, तेच उतरवायचं.

४. सुरुवातीला कोणतं चित्र घ्यावं?

एकच आकृती असलेलं चित्र घ्यावं, आणि हर्क्युलेनियमची एकटी मेडिया त्यात उत्तम. लांब सरळ घड्या, झाकोळलेला चेहरा, आणि सगळा ताण हातांत. आकृत्यांची गर्दी नसल्यामुळे गिलावा ओला असेपर्यंत काम पुरं करता येतं (प्रश्न ८).

पुढची पायरी म्हणून डायोस्कुरींच्या घरातलं पर्सियस आणि अँड्रोमेडाचं चित्र: खडकावरून उतरणाऱ्या अँड्रोमेडाचा हात पर्सियसने वर धरला आहे, आणि त्याच्या दुसऱ्या हातात, पाठीमागे, मेड्यूसाचं मुंडकं. निकियास या ग्रीक चित्रकाराने अँड्रोमेडा रंगवल्याची नोंद प्लिनीने केली आहे. या मांडणीचा संबंध अनेक अभ्यासक तिच्याशी जोडतात.

मिनोटॉर या बैलाच्या डोक्याच्या राक्षसाला मारणारा थिसियस आवडत असेल तर दोन चित्रं शेजारी ठेवून पाहा. हर्क्युलेनियमच्या सार्वजनिक इमारतीतला थिसियस समोर तोंड करून, जवळजवळ पुतळ्यासारखा उभा आहे. पॉम्पेईत गावियस रुफसच्या घरात सापडलेल्या चित्रात मेलेला मिनोटॉर चक्रव्यूहाच्या दारात पडला आहे आणि सुटका झालेली अथेन्सची मुलं थिसियसचा हात-पाय धरून आभार मानतायत. मला दुसरं अधिक भावतं, कारण त्यात मुलं खरोखर लहान दिसतात.

निसर्गचित्राची ओढ असेल तर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधली बॉस्कोत्रेकासेची दोन मोठी चित्रं पाहा: पॉलिफीमस आणि गॅलेटिया, व पर्सियस आणि अँड्रोमेडा. निळसर-हिरव्या धुक्यात एकाच चित्रात कथेचे दोन दोन क्षण रंगवले आहेत. तो बंगला १९०३ ते १९०५ दरम्यान खणला गेला आणि १९०६ च्या उद्रेकात पुन्हा गाडला गेला.

५. मूळ चित्रं आजही भिंतीवरच आहेत का?

काही आहेत. अठराव्या शतकात नेपल्सच्या बूर्बाँ राजांच्या माणसांनी आवडलेली चित्रं गिलाव्यासकट कापून काढली आणि चौकटीत बसवून राजसंग्रहात नेली. आज ती नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. वर आलेल्या दोन्ही मेडिया, दोन्ही थिसियस, इफिजेनिया आणि डायोस्कुरींच्या घरातली अँड्रोमेडा तिथेच बघायला मिळतात. त्या काळी रंग उजळावेत म्हणून अनेक तुकड्यांवर वार्निश चढवलं गेलं आणि त्याने नुकसानच झालं. कापलेल्या चित्राभोवतीची भिंत मात्र बहुतेकदा गेली, आणि प्रत करणाऱ्याला तीच सगळ्यात जास्त नडते (प्रश्न ६).

जागेवरच राहिलेली चित्रं पाहायची तर व्हेट्टींचं घर. दीर्घ दुरुस्तीनंतर ते जानेवारी २०२३ मध्ये पुन्हा उघडलं.

६. मधलं चौकोनी चित्र तेवढं काढलं तर चालेल ना? भोवतालचे पट्टे, खांब कशाला?

चालेल, पण अर्धीच गोष्ट हाती येईल. आज आपण सुटं चित्र म्हणून जे बघतो ते एका पूर्ण रंगवलेल्या भिंतीच्या मध्यभागी बसवलेलं असे. जर्मन अभ्यासक आउगुस्ट माऊ याने १८८२ मध्ये या भिंतींच्या चार शैली सांगितल्या आणि ती विभागणी अजून वापरात आहे. पहिलीत गिलाव्याने संगमरवरी शिळांचा आभास केलेला. दुसरीत खांब, कमानी, खोलवर गेलेली खोटी दालनं. तिसरीत भिंत पुन्हा सपाट होते, खांब काडीसारखे बारीक होतात आणि मध्यभागी मोठं कथाचित्र येतं. चौथीत या सगळ्यांची सरमिसळ, वर नाटकाच्या नेपथ्यासारख्या इमारती. ग्रीक कथांची बहुतेक प्रसिद्ध चित्रं तिसऱ्या आणि चौथ्या शैलीतली आहेत.

मधलं चित्र आणि बाकीची भिंत वेगवेगळे हात रंगवत. रोमन सम्राट डायोक्लिशनच्या इ.स. ३०१ च्या दरपत्रकात भिंत रंगवणाऱ्याची दिवसाची मजुरी ७५ दिनार आणि आकृतिचित्रं काढणाऱ्याची १५० दिनार दिली आहे. पॉम्पेईत तर काम अर्धवट राहिलेली खोलीच सापडली: रंगारी उद्रेकात पळाले, आणि रंगाची भांडी, चुना, अपुरी चौकट व मधल्या चित्राचं नुसतं रेखाटन मागे राहिलं.

निदान चित्राभोवती हातभर रुंद एकरंगी पट्टी आणि एक बारीक पांढरी रेघ ठेवा. मधल्या चित्राचे रंग त्या पट्टीच्या विरोधात तोलून लावलेले आहेत. पट्टी गेली की चित्र फिकट वाटायला लागतं.

७. फ्रेस्को म्हणजे अजिंठ्यासारखंच तंत्र ना?

नाही. अजिंठ्यात माती, तंतू आणि भुशाच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात देऊन, तो सुकल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग लावले आहेत. रोमन पद्धतीत ओल्या चुन्यावर पाण्यात कालवलेला रंग लावतात आणि चिकट द्रव्याची गरज पडत नाही. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड होतो आणि रंगाचे कण त्यात अडकतात. शेवटचे बारकावे मात्र रोमन रंगारीही कधी कधी सुक्यावर करत, आणि नेमके तेच आधी झडले आहेत.

अजिंठ्याची आठवण दुसऱ्या कारणाने ठेवावी, त्यासाठी प्रश्न १२ पाहा.

८. खऱ्या चुन्यावर प्रत करायची आहे. गिलावा कसा करू?

रोमन वास्तुरचनाकार व्हिट्रुव्हियस वाळू-चुन्याचे तीन आणि संगमरवरी पूड-चुन्याचे तीन असे सहा थर सांगतो. प्रत्यक्षात पॉम्पेईत बऱ्याच भिंतींवर त्याहून कमी थर आहेत. भिंतीऐवजी सुट्या पाट्यावर (फळीवर) काम करणाऱ्याला तीन थर पुरतात.

चुना महत्त्वाचा. कळीचा चुना विरवून, पाण्याखाली झाकून, निदान काही महिने मुरू द्यावा. तीन वर्षांपेक्षा कमी मुरलेला चुना वापरू नये असा जुना नियम प्लिनीने नोंदवला आहे. रंगाच्या दुकानातली ‘वॉल पुट्टी’ हा वेगळा पदार्थ आहे. तिच्यात बहुधा सिमेंट किंवा रासायनिक चिकटद्रव्य असतं आणि तिच्यावर फ्रेस्को होत नाही. कळी विरवताना पाणी उकळतं, शिंतोडे उडतात. चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नका, मुलांना लांब ठेवा. जमणार नसेल तर वारसा-इमारतींची दुरुस्ती करणाऱ्या एखाद्या जाणत्या गवंड्याकडून मुरलेला चुना मागून घ्या.

पहिला थर जाड वाळूचा, खरखरीत ठेवलेला. दुसरा बारीक वाळूचा. तिसरा संगमरवराच्या पुडीचा, पातळ, आणि थापीने दाबून दाबून घोटलेला. आपल्याकडे वाड्यांमध्ये संदल्याचं काम ज्यांनी पाहिलंय त्यांना ही घोटाई लगेच कळेल. खालचे थर आदल्या दिवशी भरपूर भिजवा. रेखाटन दुसऱ्या थरावर गेरूने करा किंवा शेवटच्या थरावर टोकदार काडीने हलकं कोरा. पॉम्पेईच्या भिंतींवर तिरका उजेड टाकला की असे ओरखडे आणि ताणलेल्या दोऱ्यांचे ठसे अजून दिसतात.

बोट लावल्यावर चुना बोटाला चिकटायचा थांबला पण थंड लागतोय, ही रंग सुरू करायची वेळ. तिथून काही तास मिळतात. एप्रिल-मेमध्ये विदर्भात किंवा मराठवाड्यात हे काम काढू नये: वरचा थर भराभर सुकतो आणि भेगा पडतात. पावसाळ्याची अखेर आणि हिवाळा बरा. रंग सुकल्यावर बराच फिका होतो, त्यामुळे शेजारी एका तुकड्यावर आधी चाचणी करून ठेवा.

९. रंग कोणते घेऊ? ॲक्रिलिक चालतील का?

ओल्या चुन्यावर ॲक्रिलिक नको. पाण्यात कालवलेली खनिज रंगद्रव्यं लागतात, कारण चुना तीव्र अल्कधर्मी असतो आणि त्यात टिकतील असेच रंग हवेत. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी आणि पांढऱ्यासाठी चुनाच, एवढ्यावर रोमन भिंतीचा बहुतेक भाग होतो. प्रशियन निळा चुन्यात मरतो, तो टाळा.

रोमनांचा निळा हा वाळू, तांबं, चुना आणि क्षार भाजून केलेला कृत्रिम रंग होता, ज्याला आज इजिप्शियन निळा म्हणतात. तो आजही तयार करून विकला जातो. महाग वाटला तर अल्ट्रामरीन चुन्यात टिकतो, फक्त तो जास्त गडद आणि जांभळट असतो. त्यात थोडी हिरवी माती मिसळून खाली आणा.

हिंगूळ वापरू नका. तो पाऱ्याचा संयुग आहे, विषारी आहे. शिवाय उजेडात काळा पडतो, आणि हे दोन हजार वर्षांपूर्वीही माहीत होतं: फाबेरियस नावाच्या लेखनिकाने अ‍ॅव्हेंटाइनवरच्या घरात हिंगूळ फासून घेतला आणि तीस दिवसांत तो बिघडला, असं व्हिट्रुव्हियस सांगतो. उपाय म्हणून तो मेणाचा हात द्यायला सांगतो. स्पेनच्या खाणींतून येणाऱ्या हिंगुळाची कमाल किंमत पौंडाला ७० सेस्टर्स (रोमन नाणी) अशी बांधून दिलेली होती. म्हणजे तो भिंतीला लावणं ही श्रीमंतीची जाहिरातच. गडद गेरू नीट घोटला तर त्याच्या पुष्कळ जवळ जातो.

१०. पॉम्पेईचा तो प्रसिद्ध लाल खरंच लाल होता का? पिवळाही होता म्हणतात.

दोन्ही होते. पिवळ्या मातीतल्या लोहखनिजातलं पाणी उष्णतेने निघून गेलं की ती लाल होते. आपण पिवळी माती भाजून गेरूसारखी करतो तीच क्रिया. उद्रेकातल्या तप्त वायूने अनेक पिवळ्या भिंती लाल केल्या. हर्क्युलेनियममध्ये एकाच भिंतीवर पिवळ्यातून लालसर होत गेलेले पट्टे दिसतात. मग प्रत लाल करायची की पिवळी? भिंतीवर कुठेही पिवळ्याचे अवशेष असतील आणि तुम्हाला ७९ च्या आधीची भिंत दाखवायची असेल तर पिवळी. आजची स्थिती दाखवायची असेल तर लाल. कोणता पर्याय घेतला ते मागे लिहा (प्रश्न १८).

११. मूळ चित्राचा तुकडा गळून पडलाय. तो भाग भरून काढू का?

अभ्यासासाठी प्रत असेल तर भरू नका. गळलेला भाग गिलाव्याच्या रंगाचा मोकळा ठेवा. घरासाठी असेल तर भरायला हरकत नाही, पण फक्त ज्याला आधार आहे तेच: वस्त्राची घडी पुढे जाणार हे उघड असेल तर न्यावी, हरवलेला चेहरा मनाने काढू नये. चेहरा हवाच असेल तर त्याच कथेची दुसऱ्या घरातली आवृत्ती शोधा. नार्सिसस, अरिॲड्नी, अँड्रोमेडा यांच्या कित्येक आवृत्त्या पॉम्पेईत आहेत.

कृत्रिम भेगा आणि खोटी झीज रंगवणं मला पटत नाही. भेग ही त्या भिंतीवर घडलेली घटना आहे. आपल्या पाट्यावर ती घडलेली नाही. मूळच्या भेगा नोंद म्हणून नेमक्या उतरवणं वेगळं, आणि जुनाट दिसावं म्हणून हातोडी मारणं वेगळं.

१२. आजचे फोटो इतके स्वच्छ असताना जुन्या रंगीत छाप्यांकडे का बघायचं?

कारण फोटो निघेपर्यंत बरंच काही नष्ट झालं होतं. जुनी प्रत कित्येकदा एकमेव साक्षीदार असते, आणि प्रती करणाऱ्यांनी हे मनात ठेवावं असं मला फार वाटतं.

सॅलस्टच्या घरात बागेच्या भिंतीवर अ‍ॅक्टिऑन आणि आर्टेमिसचं भलं मोठं चित्र होतं: स्नान करणारी देवी दिसली म्हणून शिकाऱ्यालाच त्याचे कुत्रे फाडतायत. १९४३ च्या दोस्तराष्ट्रांच्या बाँबफेकीत ते गेलं. आज ते कसं होतं हे कळायला एकोणिसाव्या शतकातली रेखाटनं आणि जुने फोटो एवढंच आहे.

पहिला मोठा छापील संग्रह म्हणजे नेपल्सच्या राजछत्राखाली १७५७ ते १७९२ दरम्यान निघालेले हर्क्युलेनियमच्या पुरावस्तूंचे आठ खंड. त्यांतली कोरीव चित्रं काळी-पांढरी आहेत, पण खाली मापपट्टी दिलेली असते. जर्मन चित्रकार विल्हेल्म त्सान याने १८२८ पासून रंगीत शिलामुद्रित संग्रह काढले, आणि नेपल्सच्या निकोलिनी बंधूंनी १८५४ ते १८९६ पर्यंत घराघराप्रमाणे पॉम्पेई छापली. नेपल्सच्या संग्रहालयातला पॉम्पेईचा १:१०० मापाचा बुचाचा नमुनाही पाहण्याजोगा आहे. त्याच्या बोटभर भिंतींवर आता विरून गेलेली चित्रं रंगवलेली आहेत. पॉम्पेईच्या रहस्यांच्या बंगल्यातल्या चित्रपट्टीच्या (प्रश्न १६) मारिया बारोस्सो यांनी १९२० च्या दशकात केलेल्या मोठ्या जलरंगी प्रती मिशिगन विद्यापीठाच्या केल्सी संग्रहालयात आहेत. जुन्या छाप्यांमध्ये चेहरे गोंडस केलेले असतात आणि रंग भडक, तेव्हा मांडणी त्यांच्याकडून घ्या, रंग फोटोवरून.

आता अजिंठा. रॉबर्ट गिल यांनी १८४० च्या दशकापासून केलेल्या अजिंठ्याच्या प्रती लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. बहुतेक १८६६ च्या आगीत जळाल्या. त्याच इमारतीत १८५४ पासून पॉम्पेईच्या घराची प्रतिकृतीही होती. त्यानंतर जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा प्रती केल्या, आणि त्यातल्याही पुष्कळ लंडनमध्ये १८८५ च्या आगीत गेल्या. उरलेल्या प्रतींत आज लेण्यात न दिसणारे तपशील आहेत. प्रत करणाऱ्याच्या कामाचं मोल आपल्याला याहून जवळून कोण सांगणार?

१३. कॅनव्हासवर छापलेली प्रत ऑनलाइन घेतोय. काय तपासू?

आधी घराचं नाव विचारा. नुसतं ‘प्राचीन रोमन देवी’ असं लिहिलेलं असेल तर विक्रेत्याला चित्र कुठलं ते माहीत नाही. मग संग्रहालयाच्या फोटोशी ताडून बघा: चित्र उलटं छापलेलं नाही ना, कडेची पात्रं कापलेली नाहीत ना. इफिजेनियाच्या चित्रातून कोपऱ्यातला झाकलेला अगामेम्नॉन कापला की उरतं काय? रंग बहुधा भडक केलेले असतात. त्वचा नारिंगी दिसली तर सोडून द्या. चकचकीत कागद टाळा, चुन्याची भिंत अशी चमकत नाही.

१४. फोटो कुठून घेऊ? परवानगी लागते का?

चित्र दोन हजार वर्षांचं असलं तरी फोटो आणि त्याचा वापर यांचे नियम वेगळे. मेट्रोपॉलिटन म्युझियमने फेब्रुवारी २०१७ पासून हक्कमुक्त कलाकृतींचे फोटो कोणालाही, व्यापारासाठीसुद्धा, मोकळे केले आहेत. म्हणून विक्रीचा विचार असेल तर बॉस्कोत्रेकासेपासून सुरुवात करणं सोयीचं. इटलीत सरकारी संग्रहातल्या वस्तूंच्या प्रतिमा व्यापारासाठी वापरायला २००४ च्या वारसा संहितेनुसार परवानगी आणि शुल्क लागतं. अभ्यासासाठी, स्वतःसाठी केलेल्या प्रतीला अडचण नाही. छापील वस्तू विकणार असाल तर संग्रहालयाला आधी लिहून विचारा.

१५. पेन्थियसला फाडतात, डर्कीला बैलाला बांधतात. असली चित्रं दिवाणखान्यात लावायची?

रोमनांनी ती जेवणाच्या खोलीत लावली होती. व्हेट्टींच्या घरात एका दालनात तीन भिंतींवर तीन चित्रं आहेत: देवराज झ्यूसचा मुलगा, बाळ हेरॅक्लिस साप आवळतोय, थीब्सचा राजा पेन्थियस मद्यदेव डायोनिससच्या भक्त स्त्रियांच्या हाती सापडलाय, आणि झीथस व अँफिऑन आईच्या छळाबद्दल डर्कीला बैलाला बांधतायत. तिन्ही कथा थीब्सच्या आहेत आणि तिन्हीत अपराध व शिक्षा आहे. साप मारणारं बाळ एकटं लावलं तर गोड वाटतं. तिघांत बसवलं की झ्यूसच्या मुलाच्या वाटेला जाणाऱ्याचं काय होतं हे दिसतं.

घरात लहान मुलं असतील तर पेन्थियस नको, एवढं साधं आहे. पण जागा आणि हौस असेल तर एक चित्र लावण्यापेक्षा एकाच खोलीतली तिन्ही लावा. रोमन घरात चित्रं एकमेकांना उत्तर देत असतात.

१६. रहस्यांच्या बंगल्यातली लाल चित्रपट्टी कुठल्या कथेची?

मध्यभागी डायोनिसस एका स्त्रीच्या मांडीवर रेललेला आहे, ती बहुधा अरिॲड्नी. भोवतीच्या बायका, पंखवाली आकृती, टोपलीतलं झाकलेलं काहीतरी, यांवर अभ्यासकांचं एकमत नाही: कोणी दीक्षाविधी म्हणतं, कोणी लग्नाची तयारी. म्हणून तिला ‘कथाचित्र’ असं लेबल लावू नका. ती पूर्ण भिंत फिरणारी, जवळजवळ माणसाच्या उंचीची मालिका आहे. एकच आकृती उचलली तर तिची नजर कोणाकडे आहे ते हरवतं.

१७. एक जण ‘खरा रोमन तुकडा’ विकतोय. घेऊ का?

नको. खरा असेल तर तो जवळपास नक्की चोरीचा, आणि खोटा असेल तर पैसे गेले. हर्क्युलेनियममधून चोरलेलं, साप आवळणाऱ्या बाळ हेरॅक्लिसचं भित्तिचित्र अमेरिकेतल्या एका संग्राहकाकडून जप्त होऊन २०२२ मध्ये इटलीला परत गेलं. बनावट तर पूर्वीपासून आहे. १७५० च्या दशकात रोममध्ये ज्युसेप्पे ग्वेर्रा नावाचा चित्रकार हर्क्युलेनियमची म्हणून स्वतःची चित्रं विकत होता आणि मोठमोठे संग्राहक फसले. गॅनिमीडला जवळ घेणाऱ्या झ्यूसचं एक ‘प्राचीन’ भित्तिचित्र जर्मन कलेतिहासकार विंकेलमानसारख्या जाणकाराने वाखाणलं. ते त्याचा मित्र अँटोन राफाएल मेंग्सने केलेलं होतं. ते आता रोमच्या बार्बेरिनी राजवाड्यात आहे, बनावट म्हणूनच.

१८. मग माझी प्रत मी विकली तर तीही बनावट ठरते का? आणि नव्याने सापडलेल्या चित्रांची प्रत करू शकतो का?

प्रत आणि बनावट यांत फरक पडतो तो तुम्ही काय सांगता त्याने. मागे न पुसणाऱ्या शाईने लिहा: मूळ कुठल्या घरातलं, आज कुठे आहे, संग्रहालयाचा क्रमांक असेल तर तो, तुमचं नाव, साल, गिलावा आणि रंग कोणते, माप मूळच्या किती पट, आणि कोणता भाग तुम्ही स्वतः भरला. समोरच्या बाजूला सही हवी की नको ही तुमची मर्जी; मागची नोंद मात्र सोडू नका.

नव्या शोधांबाबत जपून. २०१८ मध्ये पॉम्पेईच्या पाचव्या विभागात हंसासह लीडा सापडली आणि पुढच्या वर्षी त्याच घरात नार्सिसस. एप्रिल २०२४ मध्ये नवव्या विभागातलं सुमारे १५ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद काळं दालन जाहीर झालं. त्यात हेलन आणि पॅरिसची पहिली भेट आहे आणि पॅरिसच्या जवळ ग्रीक लिपीत ‘अलेक्झांड्रोस’ (पॅरिसचंच दुसरं नाव) लिहिलंय. दुसरीकडे कॅसँड्रा आणि अपोलो. दिव्यांची काजळी दिसू नये म्हणून भिंती काळ्या केल्या असाव्यात असं पुरातत्त्वज्ञांचं म्हणणं आहे. अशा चित्रांची साफसफाई चालूच असते आणि पहिल्या फोटोतला रंग दुरुस्तीनंतर बदलू शकतो. घाई असेल तर ज्या महिन्यातला फोटो वापरला तो महिनाही मागे लिहा. मी सांगेन ते असं: दुरुस्तीचा अहवाल निघेपर्यंत रेखाटनावर थांबा, रंग नंतर चढवा.

१९. महाराष्ट्रात राहून यातलं काही प्रत्यक्ष बघता येईल का?

मूळ भित्तिचित्र नाही. पण त्याच जगाशी असलेल्या व्यापाराच्या खुणा आहेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात ग्रीक समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती सापडली. ती टाऊन हॉल संग्रहालयात आहे. उलट्या दिशेने, पॉम्पेईत १९३८ मध्ये भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली, आणि तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला सापडली आहे. पॉम्पेईची मूर्ती नेपल्सच्या त्याच संग्रहालयात आहे जिथे मेडिया आणि थिसियस आहेत, तेव्हा तिथे गेलात तर तिलाही शोधा.

परदेशात असाल तर न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन (प्रश्न ४), लॉस एंजेलिसजवळचा गेटी व्हिला, आणि जर्मनीत आशाफेनबुर्ग. तिथे बव्हेरियाचा राजा पहिला लुडविग याने १८४० च्या दशकात डायोस्कुरींच्या घरावरून एक पूर्ण पॉम्पेईयन घर बांधून रंगवून घेतलं. युद्धात त्याची नासधूस झाली होती. दुरुस्तीनंतर ते आता पाहता येतं. पूर्ण भिंतीची प्रत करायचा विचार असेल तर सुटं चित्र बघण्याआधी हे घर बघा, कारण खोलीत उभं राहिल्यावर चौकट, पट्टी आणि चित्र यांची मापं डोळ्यांत बसतात आणि प्रश्न ६ चं उत्तर आपोआप कळतं.